ठिपका गेला कुठे?

हॉस्टेलमध्ये राहून काउंटर-स्ट्राइक न खेळलेला प्राणी विरळाच. त्या खेळात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. स्क्रीनच्या बरोबर मध्यभागी नेमाची खूण असते आणि ती तिथून हलत नाही. माऊस फिरवला की जग फिरतं, खूण जागच्या जागी. खऱ्या पिस्तुलावर लाल ठिपक्याची साइट, म्हणजे रेड डॉट साइट, बसवली की असंच काहीतरी होत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मजा वेगळीच होते. वर्षानुवर्षं साध्या साइटने उत्तम नेम मारणारा माणूस असं पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतो, डोळ्यासमोर आणतो, आणि त्याला दिसते नुसती रिकामी काच. ठिपका गायब! मग तो मनगट वर करतो, खाली करतो, मान वाकडी करतो, आणि दोन-तीन सेकंदांनी कुठून तरी ठिपका उगवतो. तोवर साध्या साइटवाल्याच्या दोन गोळ्या मारून झालेल्या असतात.

असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हा या लेखाचा विषय. बंदुकांचं वेड असायची गरज नाही. ऑप्टिक्स, थोडं डायनॅमिक्स आणि थोडं माणसाच्या डोळ्याचं शास्त्र, एवढंच यात आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हिंदी सिनेमात व्हिलनच्या कपाळावर जो लाल ठिपका नाचतो तो लेझरचा. तो खरोखर समोरच्याच्या अंगावर पडलेला असतो आणि सगळ्यांना दिसतो. आपण बोलतोय तो ठिपका कुणाच्याही अंगावर पडत नाही. तो फक्त नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या मित्रालासुद्धा नाही. आभासी प्रतिमा नावाचं जे प्रकरण आपण दोन मार्कांसाठी पाठ करून सोडून दिलं, तेच हे.

रचना अगदी साधी आहे. स्लाइडच्या मागच्या भागावर एक छोटी चौकट, तिच्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी काच. काचेच्या मागे, खालच्या बाजूला, एक एलईडी बसवलेला असतो आणि त्याचं तोंड पुढे, काचेकडे. काच सपाट नसते, नेमबाजाच्या बाजूने किंचित अंतर्वक्र असते आणि एलईडी बरोबर तिच्या नाभीवर असतो. नाभीवरून निघालेले किरण अंतर्वक्र आरशावरून परतताना समांतर होतात, हे आपल्याला माहीत आहे. समांतर किरण डोळ्यात शिरले की मेंदू म्हणतो, हा ठिपका अनंत अंतरावर आहे. काचेवर असा थर दिलेला असतो की तो फक्त लाल रंगाची तेवढी तरंगलांबी परावर्तित करतो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. म्हणून या काचेतून पाहिलं तर जग किंचित निळसर दिसतं. लाल रंगातला थोडा वाटा वजा झालेला असतो ना!

आता आकडे बघा, कारण खरी गंमत आकड्यांत आहे. ठिपक्याचा आकार एमओए या एककात सांगतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २९ मिमी भरतो, २५ मीटरवर ७.३ मिमी आणि १० मीटरवर जेमतेम ३ मिमी. पिस्तुलाच्या साइटवर साधारण २ ते ६ एमओएचे ठिपके असतात. समजा नाभीय अंतर २५ मिमी आहे आणि आपल्याला ३ एमओएचा ठिपका हवाय. गणित करा, प्रकाश देणारा भाग २२ मायक्रॉन रुंद असावा लागतो. आपला केस याच्या तिपटीएवढा जाड असतो. नेम डावी-उजवीकडे सरकवायला जे स्क्रू असतात त्यांची एक 'टिक' बऱ्याच साइट्समध्ये एक एमओएची असते. म्हणजे एका टिकेला एलईडी सरकतो ७ मायक्रॉन. आणि हे सगळं अशा ठिकाणी, जिथे दर गोळीमागे हजाराहून जास्त जीचा दणका बसतो. त्याबद्दल पुढे बोलूच.

कुणाला करून बघायचं असेल तर फिजिक्सच्या लॅबमध्ये तासाभराचं काम आहे. १० सेमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग, त्याच्या नाभीवर सुईच्या टोकाने भोक पाडलेला काळा कागद, कागदामागे लाल एलईडी, आणि भिंगापुढे ४५ अंशांत साधी काच. काचेतून समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं की बिल्डिंगवर लाल ठिपका तरंगताना दिसेल. डोकं थोडं हलवा, ठिपका बिल्डिंगच्या त्याच खिडकीवर चिकटून राहील. एक दशांश मिमीचं भोक जमलं तर ठिपका साडेतीन एमओएचा येतो, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या महागड्या मालाएवढा.

ही काचेची कल्पना मुळात डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबची. त्याने १९०० मध्ये तिचं पेटंट घेतलं. ग्रब हे दुर्बिणी बनवणारं घराणं. आपल्या पुण्याशी त्यांचा जुना संबंध आहे. तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती आणि प्रा. नेगमवाला तिथे ग्रबची २० इंची परावर्ती दुर्बीण चालवत. पुढे १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर दुर्बीण कोडाईकनालला गेली. असो, विषयांतर झालं.

ग्रबची कल्पना आधी विमानांवर रुळली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत वैमानिकासमोर अशीच काच असायची. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडी वापरून रायफलींसाठी पहिली इलेक्ट्रॉनिक लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली. पिस्तुलावर ती आली १९९० च्या सुमारास, तीही स्पर्धेतल्या खास पिस्तुलांवर, आणि आकाराने चांगली नळकांड्याएवढी. स्लाइडवरच बसेल एवढी छोटी आणि धक्के सोसेल एवढी दणकट साइट मिळायला बराच काळ गेला. ट्रिजिकॉनची आरएमआर २००९ मध्ये आली, ग्लॉकने २०१५ मध्ये कारखान्यातूनच खाच पाडलेल्या स्लाइड द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकन लष्कराने २०१७ मध्ये निवडलेल्या एम१७ पिस्तुलाची स्लाइडही साइट बसेल अशीच होती. तेव्हापासून अमेरिकेत पोलिस आणि नागरिक मोठ्या संख्येने इकडे वळले. म्हणजेच लाखो लोकांना हाताची जुनी सवय मोडावी लागली.

जुनी सवय कोणती? एनसीसीत ज्यांनी .२२ रायफल उडवलीये त्यांना फोरसाइट-बॅकसाइट माहीत आहे. मागे खाच, पुढे खुंटी. जुने शिकारी लोक या खुंटीला माशी म्हणतात. खाचेत माशी मध्यभागी, दोन्हींची वरची कड एका रेषेत, आणि त्यावर टार्गेट. तीन वस्तू तीन अंतरांवर आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करणार. हात लांब केल्यावर माशी डोळ्यापासून ७० सेमीवर येते. तिच्यासाठी डोळ्याच्या भिंगाला १.४ डायॉप्टरचा जोर लावावा लागतो, १० मीटरवरच्या टार्गेटला ०.१ पुरतो. म्हणून शिकवतात की माशीकडे बघा, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू द्या. कारण चूक तिथेच महागात पडते. दोन साइटमधलं अंतर १६ सेमी धरलं आणि माशी खाचेत १ मिमीने सरकली, तर २५ मीटरवर गोळी १५ सेमीहून जास्त बाजूला जाते. चाळिशी लागलेल्या माणसाची तर पंचाईतच. चष्मा लावला तर माशी दिसते पण समोरचा माणूस धुक्यात, काढला तर उलट.

आणि यात नुसत्या मार्कांचा प्रश्न नाही. पोलिसाने पिस्तूल रोखलंय, समोर एक माणूस उभा आहे. त्याच्या हातात सुरा आहे की मोबाइल, हे ठरवायला किती वेळ आहे? फार थोडा. अशा वेळी ट्रेनिंग त्याला सांगतं, समोरच्या माणसाकडे नको, स्वतःच्या पिस्तुलाच्या टोकाकडे बघ. हे मुळात उलटं आहे. जीव धोक्यात असताना डोळा आपोआप धोक्याकडेच फोकस करतो. लाल ठिपका अनंतावर दिसत असल्यामुळे नजर समोरच्या माणसाच्या हातांवर ठेवता येते आणि ठिपका त्यावर येऊन बसतो. माझ्या मते या साइटचा सगळ्यात मोठा फायदा हाच. वेग, अचूकता वगैरे नंतर.

मग एवढी सोपी वस्तू सापडत का नाही?

साइटमधून परत येणारा प्रकाश समांतर आहे. म्हणजे काचेएवढ्याच जाडीची प्रकाशाची एक अदृश्य नळी पिस्तुलातून मागे येते. तुमचा डोळा त्या नळीत असला तर ठिपका दिसतो, बाहेर असला तर काही नाही. काच साधारण २० मिमी रुंद आणि १६ मिमी उंच धरू. डोळ्यापासून अंतर ६० सेमी. आता मनगट थोडं वाकलं की ही नळी डोळ्याशी किती सरकते? ६०० मिमी गुणिले कोन. उभ्या दिशेत नळीच्या मध्यापासून कडेपर्यंत फक्त ८ मिमी जागा आहे. ८ भागिले ६०० म्हणजे ०.०१३ रेडियन. पाऊण अंश! आडव्या दिशेत जेमतेम एक अंश. मनगट पाऊण अंश चुकलं की ठिपका काचेबाहेर.

साध्या साइटला पाऊण अंशाची चूक झाली तर काय होतं? १६ सेमीवर ती फक्त २ मिमी असते. माशी खाचेच्या थोडी वर डोकावते, एवढंच. ती दिसत राहते, आणि कुठल्या बाजूला किती चुकलंय हेही सांगते. नेमबाज हात पुढे नेता नेताच दुरुस्ती करतो, त्याला कळतसुद्धा नाही. कंट्रोल सिस्टिमवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर साध्या साइटमध्ये फीडबॅक मोठ्या पट्ट्यात मिळतो, ठिपक्याचा फीडबॅक फक्त पाऊण अंशाच्या आत. त्याबाहेर लूप ओपन. म्हणून इतकी वर्षं जी चूक साध्या साइटने पोटात घातली, ती ठिपका उघडी पाडतो.

रायफलवर हा त्रास होत नाही, कारण दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला. डोळ्याची जागा आपोआप पक्की होते. पिस्तूल हवेत, दोन हातांच्या टोकाला. आता यात आणखी एक भर टाका. १९११ पद्धतीच्या पिस्तुलापेक्षा ग्लॉकची मूठ ३-४ अंशांनी जास्त तिरकी असते. १९११ची सवय असलेला माणूस ग्लॉक उचलतो तेव्हा नळीचं तोंड वर जातं. पाऊण अंशाची मुभा असलेल्या ठिकाणी ३ अंशांची चूक!

आता उपाय. पहिली गोष्ट, ठिपका ज्या बाजूने पळतो त्यात माहिती असते. नळीचं तोंड वर असेल तर ठिपका काचेच्या वरच्या कडेतून बाहेर जातो, खाली असेल तर खालून. नवशिक्याचा ठिपका बहुतेक वेळा वरून गेलेला असतो. कारण तो पिस्तूल कंबरेकडून कमानीत वर आणतो, मासे पकडायला गळ फेकल्यासारखं, आणि शेवटी तोंड वर राहतं. तेव्हा रिकामी काच दिसली की इकडेतिकडे न शोधता तोंड किंचित खाली करायचं. याची एक सोपी युक्ती प्रशिक्षक सांगतात: दोन्ही करंगळ्या जरा घट्ट आवळा. मूठ खालून दाबली गेली की तोंड आपसूक खाली येतं आणि ठिपका वरून उतरतो.

पण खरा इलाज म्हणजे हात पुढे नेण्याची वाटच बदलायची. पिस्तूल आधी छातीपाशी, दोन्ही हातांत, वर उचलून डोळ्यांच्या रेषेच्या जवळ आणायचं आणि मग सरळ पुढे ढकलायचं, टेबलाचा ड्रॉवर बंद करतो तसं. मान खाली घालायची नाही. पिस्तूल डोळ्याकडे येतं, डोळा पिस्तुलाकडे जात नाही. असं केलं की ठिपका अर्ध्या वाटेतच काचेत शिरतो आणि शेवटच्या वीतभर अंतरात दुरुस्तीला वाव मिळतो.

सराव उलटा करावा, हे मला फार पटलं. आधी हात पूर्ण लांब, ठिपका काचेत मध्यभागी. तिथून हात वीतभर मागे घ्या, परत पुढे न्या. ठिपका आला? मग आणखी थोडं मागे. शेवटी छातीपासून, आणि सगळ्यात शेवटी कंबरेच्या होल्स्टरमधून. प्रत्येक वेळी शेवट ओळखीचा असतो, सुरुवात तेवढी लांब जात राहते. जोडीला एक परीक्षा: टार्गेटकडे बघा, डोळे मिटा, पिस्तूल पुढे न्या, डोळे उघडा. ठिपका सतत एकाच बाजूला सापडला तर दोष नशिबाचा नाही, मुठीचा. हात किती वर धरलाय, डावा तळवा कुठे टेकलाय, हे बदलून बघायचं. हा सगळा सराव रिकाम्या पिस्तुलाने होतो. चेंबर आणि मॅगझिन दोनदा तपासायचं, आणि गोळ्या त्या खोलीत नाहीत एवढी खात्री करायची. रोजची दहा मिनिटं महिनाभर, हे रविवारी एकदम चार तास करण्यापेक्षा कितीतरी बरं. लॅब जर्नल आपण ज्या पद्धतीने पूर्ण करतो ती इथे चालत नाही.

ठिपका सापडायला लागला की दुसरं दुखणं सुरू होतं. ठिपका थरथरतो. साध्या साइटने आपला हात दगडासारखा स्थिर आहे असं वाटायचं, आणि इथे ठिपका टार्गेटवर माशीसारखा घोंघावतोय. हात बिघडलेला नाही. तो पूर्वीही तेवढाच हलत होता, फक्त टार्गेट धूसर असल्यामुळे दिसत नव्हता. आता मोजपट्टी बारीक झाली, एवढाच फरक. नवशिका काय करतो, ठिपका बरोबर मध्यावर येण्याची वाट बघतो आणि आला की चाप खसकन ओढतो. त्या झटक्याने गोळी जितकी चुकते तितकी थरथरीने कधीच चुकली नसती. १० मीटरवर ठिपका सहा सेमीच्या वर्तुळात फिरत असेल आणि चाप सावकाश, सलग ओढला, तर गोळी त्या सहा सेमीतच पडणार. थरथर मान्य करायची आणि चाप दाबत राहायचं. सांगायला सोपं आहे.

तिसरं म्हणजे नजर. जुना नेमबाज सवयीने अजूनही पिस्तुलाकडेच बघतो, फक्त माशीऐवजी ठिपक्याकडे. मग फोकस जवळ येतो आणि सगळा फायदा वाया. यावर गमतीशीर उपाय आहे: काचेच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावून टाका. त्या डोळ्याला आता फक्त ठिपका दिसतो, दुसऱ्या डोळ्याला टार्गेट, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवतो. अर्थात दोन्ही डोळे उघडे हवेत. पट्टी असताना ठिपक्याकडे टक लावून पाहिलं तर टार्गेट हरवतं, त्यामुळे नजर पुढे ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ज्यांचे डोळे पूर्ण सरळ रेषेत काम करत नाहीत त्यांची गोळी पट्टी असताना थोडी बाजूला जाते, म्हणून ही सरावाचीच युक्ती.

ठिपका काचेच्या मध्यभागी आणण्याचा हट्टही सोडावा लागतो. साध्या साइटमध्ये माशी मध्यावर आणणं म्हणजेच नेम. इथे किरण समांतर असल्यामुळे ठिपका कोपऱ्यात असला तरी गोळी ठिपका दाखवतो तिथेच जाते. डोळा मध्यापासून सरकला तर चूक जास्तीत जास्त तेवढ्याच मिमीची, म्हणजे काचेच्या अर्ध्या रुंदीएवढी, एखादा सेमी. त्यात काचेच्या वक्रतेमुळे थोडी भर पडते, पण पिस्तुलाच्या अंतराला ती नगण्य. दोन-तीन मीटरवर तर काचेत लाल काहीही दिसलं तरी पुरतं. तिथेच लोक ठिपका सुबक मध्यावर यायची वाट बघत वेळ घालवतात.

काहींना ठिपका गोल दिसतच नाही. फुटलेल्या फटाक्यासारखा, स्वल्पविरामासारखा किंवा चक्क द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. दुकानदाराशी भांडायच्या आधी मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट ठीक आहे, तुमच्या डोळ्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे चष्म्याच्या नंबरात सिलिंडर. दुसरी खात्री: साइट हातात धरून फिरवा. शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा, जागेवर राहिली तर डोळ्याचा. योग्य चष्म्याने फरक पडतो, आणि तेज कमी केल्यानेही. बरेच जण ठिपका गरजेपेक्षा खूप प्रखर ठेवतात आणि मग तो सुजल्यासारखा दिसतो. तेज ठरवताना उजेड टार्गेटवरचा बघायचा, हातावरचा नाही. आपोआप तेज बदलणाऱ्या साइटची इथेच फसगत होते. तिचा सेन्सर तुमच्याजवळचा उजेड मोजतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीतून उन्हातल्या अंगणात नेम धरला की ठिपका फिक्का पडतो.

आता झिरोइंग, म्हणजे ठिपका आणि गोळी यांचं लग्न जुळवणं. ठिपका नळीच्या मध्यापेक्षा साधारण ३० मिमी वर असतो. गोळी खालून निघते, किंचित वर चढते आणि गुरुत्वाकर्षणाने परत खाली येते. ९ मिमीची गोळी ३५० मीटर प्रति सेकंदाने निघाली असं धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. २५ मीटरवर झिरो केलं तर ३ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २४ मिमी खाली लागते, १० मीटरवर १२ मिमी खाली, आणि ५० मीटरवर २० मिमी खाली. म्हणजे शून्यापासून अर्ध्या फुटबॉल मैदानापर्यंत सगळं तीन सेमीच्या आत. १० मीटरवर झिरो केलं तर २५ मीटरवर गोळी ३० मिमी वर आणि ५० वर ४० मिमी वर. दोन्ही चालतं, पण मला पहिलं जास्त सुटसुटीत वाटतं. ठिपका जिथे आहे तिथे किंवा जरा खाली, एवढंच लक्षात ठेवायचं.

एका गोळीवर विश्वास ठेवून स्क्रू फिरवू नये. पाच गोळ्यांचा पुंजका मारायचा, त्याचा मध्य काढायचा, मग टिका मोजायच्या. २५ मीटरवर पुंजका ३६ मिमी डावीकडे आहे आणि एक टिक ७.३ मिमीची, तर उजवीकडे पाच टिका. या ३० मिमी उंचीची आणखी एक भानगड आहे. भिंतीच्या किंवा गाडीच्या बॉनेटच्या आडून नेम धरला की ठिपक्याला समोरचं स्वच्छ दिसतं, पण नळीचं तोंड तीन सेमी खाली अजून बॉनेटच्या मागेच असू शकतं. मग गोळी पत्र्यात.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडं. गोळी ८ ग्रॅम, वेग ३५०, संवेग २.८. स्लाइड आणि नळी मिळून अर्धा किलोच्या आसपास, म्हणजे स्लाइडला सुमारे ६ मीटर प्रति सेकंद वेग मिळतो, तोही गोळी नळीत असतानाच्या अर्ध्या मिलिसेकंदात. त्वरण येतं १२०० जीच्या घरात. साइटचं वजन ३४ ग्रॅम, तिला ओढून नेणारं बल ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोचं पोतं. ते दोन बारीक स्क्रूंवर! मग स्लाइड मागे आदळते तेव्हा उलट दिशेने दुसरा दणका. म्हणून चांगल्या बसवणीत हे बल स्क्रूंवर येऊच देत नाहीत. स्लाइडमध्ये साइटच्या मापाची खाच कापतात किंवा दोन खुंट्या ठेवतात, धक्का त्या घेतात, आणि स्क्रूंनी फक्त दाबून धरायचं. स्क्रूला तेल पुसून लॉकटाइट लावायचं, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच आवळायचं, आणि डोक्यावरून साइटच्या अंगावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

सेलची काळजी लोक उगाच जास्त करतात. यातल्या बऱ्याच साइट्सना सीआर२०३२ हा बटण सेल लागतो, २२५ मिलिअँपिअर-तासांचा. एमपॉइंटच्या अ‍ॅक्रो पी-२ ला कंपनी ५०,००० तास सांगते. भागाकार केला तर करंट येतो साडेचार मायक्रोअँप. तरी वर्षातून एकदा, पाडवा म्हणा दसरा म्हणा, ठरलेल्या दिवशी सेल बदलून टाकावा. काही मॉडेलांत सेल बुडाशी असतो, त्यासाठी साइट काढावी लागते, आणि मग झिरो परत तपासणं आलं. त्याहून जास्त छळतात पाणी आणि धूळ. उघड्या प्रकारात एलईडी आणि काच यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे पावसाचा एक थेंब बसला की ठिपक्याचे दहा ठिपके होतात. थंडगार एसी गाडीतून दमट हवेत आलं की काच धुकटते. म्हणून आता दोन्ही बाजूंनी बंद डबीसारख्या साइट्स निघाल्या आहेत. त्या जरा जाड दिसतात, पण रोजच्या वापराला त्याच बऱ्या.

आपल्याकडे कुणी विचारेल, मग राही सरनोबतने हे का नाही वापरलं? कोल्हापूरच्या राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते साध्या माशी-खाचेवर. ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल प्रकारांत भिंग, आरसा, लेझर, ठिपका, काही चालत नाही. तिथे माशी स्थिर धरणं हीच परीक्षा आहे. ठिपक्याला जागा आहे आयपीएससीसारख्या धावत-पळत नेमबाजीच्या स्पर्धांत, आणि तिथेही त्याचे गट वेगळे ठेवलेले असतात.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, ठिपका ऐन वेळी बंदच पडला तर? बरेच जण साइटच्या पुढे-मागे उंच माशी आणि खाच बसवून घेतात, काचेच्या खालच्या भागातून ती दिसते. तीही नसेल तर काचेची चौकट वापरायची. समोरचं टार्गेट चौकटीत मध्यभागी घ्यायचं, मागून स्लाइड सरळ दिसतेय एवढं बघायचं आणि चाप दाबायचा. पाच-सात मीटरवर माणसाएवढ्या आकाराच्या टार्गेटवर गोळी लागते. मात्र याचाही सराव आधी करून ठेवावा लागतो, मुद्दाम ठिपका बंद करून.